कुकरची शिट्टी काढून टाक

गाण्यातलं मला कळतं! सातपूरच्या कारखान्यात मी आयुष्यभर लेथ चालवली, पण सुट्टीच्या दिवशी झुंबरच्या गायन पार्टीत कोरसला बसायचो. बारशाचा पाळणा म्हणायला नाशिक रोडपासून घोटीपर्यंत आम्हालाच बोलावणं! पुढे झुंबर, मागे मी. त्याची ओळ संपली की माझं ‘जो जो रे जो!’ आलंच पाहिजे. पुढे पार्टी मोडली, ढोलकी माळ्यावर गेली. अजूनही कुठे बारसं दिसलं की जीव हळहळतो.

परवा झुंबरचा फोन आला. त्याच्या रोशनीला तिकडे जर्मनीत मुलगी झालेली, बारसं रविवारी.

“आमचा व्हिसा काही वेळेत झाला नाही रे. पोरगी लय रडली. म्हणाली, बाबा, तुमचा पाळणा तरी पाठवा. घरीच मोबाईलवर म्हटलाय. ऐक, आणि काय चुकलं ते सांग.”

ऐकला. आवाज अगदी तस्साच! डोळे भरून आले. पण मत मागितल्यावर नुसतं ‘छान’ म्हणणं माझ्या रक्तात नाही.

“झुंबर, आवाज एक नंबर! फक्त मध्ये कुकरची शिट्टी वाजते. वहिनी ‘अहो, दूध उतू जातंय’ म्हणून ओरडतात. पंखा कुरकुरतो. तेवढं काढून टाक.”

शनिवारी त्याच्या घरी गेलो, तर गल्लीत सुतक पडल्यासारखी शांतता! पंखा बंद. खालची पिठाची गिरणी बंद. भाजीवाल्याला कोपऱ्यावर रोखलेलं. समोरच्या अमितचं रडकं बाळ मावशीकडे पाठवलेलं. पाळण्यासाठी बाळच गल्लीबाहेर!

“भाऊजी, तुमच्या मतापायी कालपासून घरात डाळ शिजलेली नाही,” चिमणावहिनी माझ्या हातात केळं ठेवत म्हणाल्या.

“वहिनी, कलेसाठी एवढं सोसावं लागतं,” मी कुजबुजलो.

झुंबरने मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. घामाच्या धारा, पण काय तो सूर! मला घोटीचा मांडव दिसायला लागला, सजवलेला पाळणा दिसायला लागला. पहिली ओळ संपली...

“जो जो रे जो!!”

मीच! तोही माईक नसताना मांडवाच्या टोकापर्यंत पोचायचा आवाज! वहिनींच्या हातून ताट पडलं. खाली गिरणीवाल्याला वाटलं, संपलं गाणं. त्याने गिरणी सुरू केली. भाजीवाला “मेथीऽऽ” करत आत शिरला. झुंबर मात्र थांबतोय कुठला! त्याने दुसरी ओळ उचलली, मी पुन्हा कोरस दिला. शेवटपर्यंत!

“किती वर्षांनी रे!” म्हणत तो माझ्या गळ्यात पडला. मीही रडलो. त्याच भरात त्याने दोन्ही रेकॉर्डिंगं रोशनीला पाठवूनही दिली.

रविवारी तिचा फोन आला. आम्ही सगळे भोवती बसलो.

“बाबा, पहिलं लावलं आणि मला आपलं स्वयंपाकघरच दिसलं. तो कुकर, आईचं ओरडणं! बाळ तर लगेच झोपलं.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

“आणि दुसरं गं?” मला राहवेना.

“काका, तुमचा कोरस ऐकून मी खूप रडले. लहानपणी मांडवात तुमच्या पाठीमागेच झोपायचे ना मी! कधीच पुसणार नाही ते.”

आता मी वहिनींकडे बघितलं. ताठ मानेने!

“कालपासून दुधाची वेळ झाली आणि बाळ काही केल्या उठत नसलं ना काका, की तेच लावते!”