ग्रेसबाईंचा पियानो आणि आबांची मेंढरं

मेंढीचं कमावलेलं कातडं गालावर घासून ग्रेसबाई निकाल देतात, "हे खालच्या सुरांचं. वरच्यांना कोकराचं लागंल." कातडं घेऊन आलेले धनगर आबा विचारतात, सुरांनाबी थंडी वाजती व्हय?

दौंडला मी बाईंच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. गाव परभणीकडं, शाळा आठवीत सुटली, काम कारखान्यात. खोली मागायला गेलो तेव्हा धास्ती एकच, बाई शिक्षण विचारतील. त्यांनी विचारलं, "हात स्वच्छ हायेत? मग ते टोक धर." टोक पियानोचं होतं. तो सरकवला आणि खोली मिळाली. ते उपकार मी विसरलो नाही, आणि ते टोक हातातून सुटेल ही भीतीही अजून गेली नाही.

पियानो पावणेदोनशे वर्षांचा. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांना हल्ली नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, लावतात. बाई जुन्या रीतीनं कातडंच चढवतात. त्या काळी युरोपात लिहिलेलं हळवं संगीत त्याच काळच्या वाद्यावर वाजवायचं, हा त्यांचा हट्ट. नव्या पियानोचं नाव काढलं की म्हणतात, "त्याला आवाज हाय, बोलणं न्हाई." उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून पियानोखाली पाण्याचं घमेलं असतं. घरातला कूलरही त्याच्याच खोलीत. मी आपला घामेघूम.

हा पियानो एकदा तरी लोकांनी ऐकावा, नाहीतर मी येडीच ठरणार, असं बाई सारखं म्हणायच्या. शेवटी शिरूरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. आबांच्या घोंगड्यांत गुंडाळून पियानो टेम्पोत चढवला. दर गतिरोधकाला बाई 'सॉरी' म्हणायच्या. ड्रायव्हर दोनदा "असू द्या" म्हणाला, मग त्याला कळलं की सॉरी पियानोला आहे.

हॉलमध्ये बाईंनी माइक परत पाठवला आणि वाजवायला बसल्या. थोड्या वेळानं मागच्या रांगेतून एकानं विचारलं, अजून चालू न्हाई झालं का? हशा पिकला. बाई थांबल्या. मला वाटलं, आता झाकण लावून परत दौंड.

बाई उठून उभ्या राहिल्या. "खुर्च्या उचला आन् हितं या. ह्याला वरडता येत न्हाई."

लोक कुरकुरत, खुर्च्या ओढत पुढं आले, पार पियानोला गुडघे लागेपर्यंत. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. मघाशी हसणाऱ्यानंच उठून पंखा बंद केला.

कार्यक्रम संपला, लोक गेले. हॉलचा माणूस खुर्च्या मागं न्यायला लागला तेव्हा बाई हळू आवाजात म्हणाल्या, "राहू द्या जरा. लई वर्षं झाली, माझ्या इतकं जवळ कुणी बसून."

तो हातातली खुर्ची ठेवून बाहेर गेला. मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो.