देवाला न चालणारं झाड

"फुलझाडं निवडायचं काम माझ्यावर सोडा, सायेब," कोंडीराम छातीवर हात ठेवून म्हणाला. "दगडावर लावलं तरी फुलवीन."

पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा निघोज्याचा कोंडीराम तिथे हंगामी माळी म्हणून लागला. कारखान्याच्या वसाहतीची आणि बागेची व्यवस्था यशवंतरावांकडे होती. ते म्हणाले, "संक्रांतीला मुंबईचे बडे साहेब येणार आहेत. कचेरीपुढे फुलं दिसली तर तू कायम. नाही दिसली तर गावी जा आणि बैल हाक."

"बैल इकलंत, सायेब," कोंडीराम शांतपणे म्हणाला. एवढा भरवसा होता गड्याचा!

त्याने निवडली लाल जास्वंद. झाडं तरारली, संध्याकाळी कळ्यांनी वाकली. पण सकाळी कचेरी उघडायच्या वेळी बघावं, तर फूल औषधाला सुद्धा नाही! एके दिवशी तो दिवस उगवायच्या आत येऊन बसला. हातात परडी घेऊन यशवंतरावांच्या मातोश्री, सावित्रीबाई, झाडाशी उभ्या. मागे वसाहतीतल्या चार-सहा बायका.

"अरे, आज चतुर्थी ना!" सावित्रीबाई म्हणाल्या.

"आन् काल?"

"काल मंगळवार होता."

"आन् परवा वो?"

"परवा फुलंच फार छान आली होती रे!"

आता साहेबांच्या आईला चोर म्हणायची कोणाची छाती आहे? यशवंतरावांनीही हात वर केले. "आईला मी काय सांगणार? तू झाडं बदल."

कोंडीरामाने पांढरी कण्हेर लावली. ती महादेवाला गेली. तगर लावली, ती उरलेल्या देवांना पुरली. "गुणाचा आहेस हो," म्हणून सावित्रीबाईंनी वर आशीर्वाद दिला. संक्रांत तर जवळ येत चाललेली. दुसऱ्या कोणी कुंपण घातलं असतं. कोंडीरामाने सावित्रीबाईंनाच विचारलं, "आजी, देवाला अजाबात चालत न्हाई असं झाड कंचं?"

"घाणेरी! शी, काय तो वास! शेळीसुद्धा तोंड लावत नाही."

दुसऱ्याच दिवशी चिखलीच्या ओढ्याकाठची घाणेरीची झुडपं मुळासकट कचेरीपुढे आली. ते बघून त्याची बायको ठकुबाई कपाळाला हात लावून बसली. "अवं, बांधावरनं जी उपटून टाकायची, तीच हितं लावताय व्हय? नोकरी जाईल न्हवं!"

"तू निस्ती बघत ऱ्हा," कोंडीराम म्हणाला.

संक्रांतीला गुलाबी, पिवळ्या, केशरी गुच्छांनी कचेरीचं दार नुसतं हसत होतं. एकाही फुलाला कोणाचा हात लागला नव्हता. बडे साहेब मोटारीतून उतरले आणि तिथेच थबकले. "वा! हे कुठलं झाड?"

यशवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कोंडीराम पुढे झाला. "परदेशी जात हाय, सायेब."

गंमत म्हणजे ते खरंच होतं. फक्त कोंडीरामाला ते ठाऊक नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या बंगल्यासाठी दोन रोपं मागून घेतली आणि जागच्या जागी कोंडीरामाला कायम करून टाकलं. वसाहतभर दुपारपर्यंत तीच चर्चा होती.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम पहाटेच ऐटीत कामावर आला. येऊन बघतो तो घाणेरी निम्मी बोडकी! सावित्रीबाई टाचा उंचावून शेंड्याचा गुच्छ ओढत होत्या.

"आजी! घाणेरी? देवाला?"

"घाणेरी काय म्हणतोस मेल्या! साहेबाच्या बंगल्यात जाणारं झाड ते. साहेबाला चालतं, मग आमच्या गणपतीला न चालायला काय झालं?"

मागे बायकांची रांग होती. शेवटची बाई भरलेला ओचा सावरत घाईने तोंड फिरवून उभी राहिली. पण नेसलेलं लुगडं कोंडीरामाने स्वतः चाकणच्या बाजारातून आणलेलं होतं. ती ठकुबाई होती.

कोंडीरामाने झारी खाली ठेवली.

"सरा आजी, काटं लागत्याल," तो म्हणाला. "वरची फांदी मी वाकवतो. आता मी कायम हाय."