परसूअज्जाची माकडं

आमच्या बाजारकुणंग गावात भातातली माकडं हाकलायला कुणी घासलेटचा डबा बडवी, कुणी गोफण फिरवी. परसूअज्जा पोरांकडून गोष्टी वाचून घेई.

अज्जा एकटा. बायको गेल्यापासून त्याच्या घरात बोलणारं माणूस नव्हतं. शेत मात्र पडवीला लागूनच. शाळा सुटली की तो आम्हाला पडवीत बसवी. पुढ्यात गुळाचा खडा आणि घरातलं एकुलतं एक गोष्टींचं पुस्तक ठेवी. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पोरांना तो कानडी वळणानं 'तम्मा' म्हणे, पोरींना 'तंगी'. "वाच तम्मा. माणसाचा आवाज आला की माकडं पळत्यात."

शाळेत मास्तरांच्या छडीपुढं माझी जीभ टाळूला चिकटे. इथं अडखळलो की अज्जा ओरडे, "रेट पुढं! चुकलं तर चुकलं. माकडाला काय कळतंय?" आणि खरंच, एवढ्या वर्षांत एकाही माकडानं माझी चूक काढली नाही.

शेजारची येसू तर नुसती पुटपुटायची. शेवटी एक हुप्प्या नीट ऐकू यावं म्हणून पायरीवर येऊन बसला. खोटं वाटत असेल तर येसूलाच विचारा. "बघ तंगी, त्येला ऐकू येत न्हाई," अज्जा म्हणाला. दिवाळीपर्यंत येसूचा आवाज असा चढला, की पार पलीकडच्या दिग्गी गावातल्या गाई रवंथ करायच्या थांबल्या.

गोष्ट ऐन रंगात आली की अज्जा पुस्तक मिटवी. "बास. उरलेलं उद्या."

"अज्जा, राक्षसानं राजकन्येला खाल्लं काय रे?"

"मला काय म्हाईत? माकडांनाबी आज झोप न्हाई लागायची."

दुसऱ्या दिवशी माकडांच्या आधी आम्ही हजर.

मग येसू लग्न होऊन खानापुराकडं गेली, मी शिकायला बेळगावला. तिथं पुस्तकांचे ढीग होते, पण मोठ्यानं वाचायला लागलो की खोलीतली पोरं "हळू, हळू" करत.

एकदा सुगी उलटल्यावर गावी आलो. साऱ्या शिवारात नुसती धसकटं. अज्जाच्या पडवीसमोर मात्र भाताचा एक तुकडा तसाच उभा. पिकून वाकलेला, दाणे गळत असलेला.

"अज्जा, ह्ये कापलं न्हाईस?"

"कापलं तर माकडं कशाला येतील? आन माकडंच न्हाई आली तर..."

इथंही त्यानं गोष्ट अर्ध्यावर मिटवली. लगबगीनं घोंगडं अंथरलं, गुळाचा खडा ठेवला, पुस्तक धोतराच्या सोग्यानं पुसून माझ्या हातात दिलं.

मी शेताकडं पाहिलं. झाडांकडं पाहिलं.

"अज्जा, माकडं कुठं हायत?"

"हायत की. लांब हायत. तू जरा मोठ्यानं वाच."