सोयाच्या मेणातली सुरंगी

दळवीकाकांच्या घरी गेलं की पाण्याआधी मेणबत्ती पुढे येई. लावायला नव्हे, हुंगायला. काचेचा ग्लास आलेल्याच्या नाकाखाली धरून ते म्हणत, "डोळे मिट. श्वास आत घे. बोलां नको." आणि मग त्याच्या तोंडाकडे असे बघत राहत, जणू तिथे निकाल लागणार आहे.

भांडुपच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात लेथ चालवली. निवृत्तीनंतर सोयाच्या मेणाच्या मेणबत्त्या करायला लागले, पण लेथ काही हातातून सुटला नाही. वात ग्लासाच्या बरोब्बर मध्ये आहे का, हे व्हर्नियर लावून मोजत. "एक सूत इकडंतिकडं चलाचा नाय." मेणाचे पांढरे पापुद्रे पातेल्यात वितळवताना किती तापले ते कळावं म्हणून सुरुवातीला त्यांनी घरातला तापाचा थर्मामीटरच आत बुडवला. तो एकदा केकाटला आणि कायमचा गेला. "मेणाक ताप जास्त होतो," काका गंभीरपणे म्हणाले.

वास मिसळून मेण ओतलं की ग्लास पंधरा दिवस फळीवर. "मुराक दी," ते म्हणत. लोणच्यासारखं. मुरताना हादरे बसू नयेत म्हणून चौथ्या मजल्यावरच्या साळवीवहिनींना त्यांनी सांगून पाहिलं, की पाट्यावर वाटण करू नका.

"काका, मेणबत्ती ठेवलीय का बाळंतीण?" वहिनींनी विचारलं.

या सगळ्यात माझं काम हुंगायचं. ऑफिसला जाताना ते मला जिन्यात गाठत. मी घाईत असे. ग्लास नाकाशी नेतो न नेतो तोच म्हणत असे, "झकास, काका!" मोगरा झकास, चंदन झकास, लिंबूसुद्धा झकास. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय, आपलं काय जातंय?

मग त्यांनी सुरंगीच्या फुलाच्या वासाची मेणबत्ती करायला घेतली.

काकींना दोन वर्षांपासून विसर पडत होता. आधी नातवंडांची नावं गेली, मग घर गेलं, शेवटी काकाही. त्या त्यांना "ओ भाऊ" म्हणून हाक मारत. आणि काका ओ देत. "लग्नात तिच्या डोक्यात सुरंगीचो वळेसार होतो," त्यांनी मला सांगितलं. "माणूस नाव विसारता. वास नाय विसरत. तो वास मेणात धरलो मा, तर ती माका ओळखतली." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुका काय सांगूचा! तू वेंगुर्ल्याकडचो."

गाव आमचं वेंगुर्ल्याकडचंच. पण मी भांडुपात वाढलो, मे महिन्यात आठ दिवस गावी जाणारा. तोवर सुरंगीचा बहर संपलेला असे. सुरंगी मी आयुष्यात हुंगलेली नव्हती. हे एका गाववाल्याला सांगायची मला लाज वाटली. मी मान हलवली.

तेलांची मिश्रणं बदलत बदलत काका पाचव्या ग्लासापर्यंत आले. त्या सकाळी जिन्यात मी हुंगलं, तर नुकत्याच पुसलेल्या दवाखान्यात कुणीतरी मध सांडलाय असा वास. काका श्वास रोखून उभे.

"सुरंगी, काका. हुबेहूब. झकास!"

त्यांनी डोळे मिटले. माझा हात धरला. मला उशीर होत होता म्हणून तो मी सोडवून घेतला.

आठवड्याने गेलो तर पाणीच पुढे आलं. फळी रिकामी. काकी आतल्या खोलीत खाटेवर बसलेल्या.

"मेणबत्ती लावलंय," काका म्हणाले. "तिना तोंड फिरवल्यान. भिंतीकडे. सुरंगीसुद्धा विसारली रे. आता माका काय म्हणान आठवतली?"

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी पाणी पीत राहिलो. एवढ्यात करपल्याचा भपकारा आला. मी उठून स्वयंपाकघरात धावलो, गॅस बंद केला. दुधाच्या टोपाचा तळ काळा झाला होता, घरभर धूर. काका होते तिथेच बसलेले.

"दूध करपलं, काका! वास नाही आला?"

"कोरोना होवन गेल्यापासून माका कसलोच वास येणा नाय," ते म्हणाले. "म्हणान तर तुका विचारी होतंय."

मी दारात उभाच राहिलो. इतके महिने त्या घरात एकच नाक होतं, माझं. आणि ते खोटं बोलत होतं.

सगळं सांगितलं. सुरंगी मला ठाऊक नाही, हेही. "तो वास भलताच होता, काका. फिनेलसारखा. मी तुम्हाला फसवलं."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तरी चाललं असतं.

"म्हंजे ती सुरंगी नव्हतीच?"

"नव्हती."

"म्हंजे तिना तोंड फिरवल्यान ता बरोबर केल्यान?"

ते उठले. खाटेखालचं खोकं ओढून त्यातला सुरंगीचा आधीचा, फसलेला एक ग्लास काढला आणि काकींच्या नाकाशी धरला. काकींनी मान वळवली. दुसरा धरला. पुन्हा वळवली. तिसऱ्याला त्यांनी हाताने ग्लासच दूर सारला. काका हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघलंस? कळता तिका! ओळखता ती! होय मा रे?"

काकी भिंतीकडे पाहत होत्या. त्यांना वास कळत होता, की कुणी परका माणूस तोंडाजवळ काहीतरी आणतोय एवढंच नको होतं?

"मला माहीत नाही, काका," मी म्हणालो.

"तुका काय माहीत असतला?" ते म्हणाले, आणि चौथा ग्लास काढायला खाली वाकले.