दौलतरावांचा पाईप आणि गडव्यातलं पाणी

गाडीचा धुराचा पाईप नीट बसला की नाही, हे दौलतराव कानानं तपासत नसत. इंजिन चालू ठेवायचं, पंधरा पावलं मोजायची, काठोकाठ भरलेला पितळी गडवा जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्यापुढे उकिडवं बसून पाण्याकडे बघायचं. पाणी थरथरलं तर पाईप पास.

साठ सालाच्या आसपास मी अकोटला एका गॅरेजात फिटर होतो. दौलतरावांकडे लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक होता. धारणीच्या जंगलातून बांबू आणायचा, हंगामात जिनिंगला कापूस ओढायचा. या माणसाशी मी एक लबाडी केली. आजवर कोणाला सांगितली नाही, आता सांगतो. पण आधी माणूस समजून घ्या.

नवा पाईप घालायचा ठरला तेव्हा मी तीन पाईप त्यांच्यापुढे मांडले. बैलबाजारात दात पाहावेत तसे ते एकेकाच्या तोंडात डोकावले.

दोन इंची बाजूला सारला. "हा खोकलते, भाऊ. बोलत नाई."

तीन इंचीवर हात ठेवला तेव्हा मी म्हटलं, यानं घाटात ओढ कमी पडेल.

"म्हंजे नुसता बोलते, काम नाई करत. आमच्या साळ्यावानी. ठेव तिकडं."

राहिला अडीच इंची. आता त्याचं तोंड कुठे काढायचं? वर काढावं तर ठिणगी कापसावर. जिनिंगवाला फाटकातूनच हाकलणार. मागे काढायला ते तयार नव्हते. त्यांना तोंड हवं होतं डाव्या चाकामागे, खाली वाकवलेलं, थेट जमिनीकडे. त्यानं उन्हाळ्यात अशी धूळ उडे की समोरचा चहावाला कपबशांवर फडकं टाकून बसे.

"दौलतराव, गाडी हाये का वावटळ?"

"तुह्या चहाले काही तरी चव येऊ दे लेका."

मी विचारलं, "पण जमिनीकडेच कावून?"

"जमिनीले समजलं पायजे. कानाचं काही खरं नाई, भाऊ. पानी लबाडी करत नाई."

आम्ही हसायचो. वीस वर्षं इंजिनावर बसून त्यांचे स्वतःचे कान निम्मे गेले होते. चहाला बोलवायचं तर दोनदा ओरडावं लागे. म्हणून पाण्याचं खूळ, असा आमचा हिशेब.

त्या वाकणासाठी त्यांनी मला चारदा पाईप कापायला लावला. चौथ्यांदा, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुह्या हातात लोखंड रडून राह्यलं, भाऊ." चहावाला खो खो हसला. मला तेव्हा माझ्या वेल्डिंगचा भारी गर्व होता. ते बोलणं लागलं.

पाचव्यांदा पाणी थरथरलं. दौलतराव खुशीत चहा प्यायला गेले. मी जुन्या सायलेन्सरची जाळी घेतली आणि पाईपाच्या तोंडात आत ठोकून बसवली. आवाज निम्म्यावर आला. म्हटलं, याला कुठं ऐकू येतं? ते हात हलवत गाडी घेऊन गेलेही.

तिसऱ्या दिवशी आले. इंजिन चालू ठेवून पंधरा पावलं मोजली, गडवा ठेवला.

"पाह्य इकडं. पानी हालत नाई."

चिडले असते तर बरं झालं असतं. ते गडव्यापाशी बसूनच बोलले. "काल आंगनात गाडी मागं घेत होतो. घरची पाठमोरी बसली होती, तूर पाखडत. तिले ऐकू येत नाई, भाऊ. लहानपनीच तापात कान गेले. जिथं बसते तिथं गडवा जवळ ठेवते. पानी हाललं का समजते तिले, मी आलो. मंग उठते, चुलीवर तवा ठेवते. मले वाटलं, उठली असंल."

"मंग?"

"मंग काय. सूप चाकाखाली गेलं. ती हातभरानं वाचली."

मी गाडीखाली शिरलो. पाईप अजून तापलेला होता. बोटं भाजत जाळी उपटली आणि खिशात टाकली. बाहेर येऊन म्हणालो, "काजळी साचली होती."

गाडी चालू केली. पाणी थरथरलं. दौलतरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "असल्या कामाले तूच पायजे बाप्पा. चाल, जेवाले चाल."

जाळी उपटताना पाईपाचा सांधा दोन जागी उकलला होता, म्हणून गाडी गॅरेजातच ठेवून आम्ही पायी त्यांच्या घरी गेलो. वयनी चुलीपुढे होत्या, पिठाचे हात, बाजूला गडवा. दौलतरावांनी माझ्याकडे बोट दाखवून हातानंच वेल्डिंगची नक्कल केली. त्या हसल्या आणि तोच गडवा उचलून मला प्यायला दिला.

मी तो दोन्ही हातांनी धरला. पाणी थरथरत होतं. वयनींची नजर त्यावर गेली. त्यांनी चटकन फाटकाकडे पाहिलं. फाटकात गाडी नव्हती. मग शेजारी बसलेल्या दौलतरावांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

मी मान खाली घातली. खिशातली जाळी मांडीला टोचत होती.

वयनींनी माझ्या हातातून गडवा अलगद काढून जमिनीवर ठेवला, आणि माझी भाकर तव्यावर टाकली.