योहानकाकांचे हातमोजे

नगरजवळच्या भिंगारच्या बाजारात हातमोजे घालून वांगी निवडणारा माणूस दिसला, तर ते आमचे योहानकाका समजावेत. पांढरे सुती मोजे, मनगटापर्यंत, भर मे महिन्यातसुद्धा. भाजीवाली विचारते, "काका, आपरेशन करून आले का?" काका म्हणतात, "आता करायला चाललोय. वांगं किडकं निघालं तर तुझंच."

काका जुन्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. मी चार वर्षं त्यांच्याकडे आहे. गाव गोंदियाकडचं, शाळा नववीतच सुटली, हे मी पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं. तेव्हापासून माझं नाव 'नववी'. इतक्या लांबच्या, इतक्या कमी शिकलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या कोणी हत्यार दिलं नसतं. म्हणूनच मला सारखी धास्ती असते. काही चुकलं की गेलो परत.

काकांचा कायदा एकच. रंग उतरवलेल्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. "लोणच्याच्या बरणीत वला चमचा घालतो का तू? न्हाई ना? घाम म्हंजे मीठ, आन मीठ म्हंजे गंज." म्हणून मोजे. पुढे ते अंगवळणीच पडले. चहाही मोजे घालूनच. मी "हो जी" म्हणालो की ते म्हणतात, "जी जी करू नको, मोजे घाल."

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षिका बाईंची फियाट आली. त्यांच्या वडिलांची. बाईंना गाडीचा पहिला रंग हवा होता, आणि तो कोणता हे त्यांना आठवत नव्हतं. झालं, काकांच्या अंगात आलं. रिमूव्हर लावला की रंग पापडासारखा फुगतो, मग पत्रीनं, म्हणजे पातळ पात्याच्या खरवडणीनं, सोलायचा. वरचा पांढरा निघाला, खाली मेंदीचा. मेंदीखाली बदामी. काका गाडीभोवती लहान पोरासारखे फिरत होते. "थांब, नववी, अजून हाय खाली." शेवटी दरवाजाच्या बिजागरीमागं नखाएवढा पिस्ता रंग सापडला. काकांनी तिथूनच आपल्या जुन्या बटणांच्या फोनवरून बाईंना बोलावलं. बाई आल्या, वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "हाच." रविवारी प्रायमर मारलेली गाडी दाखवतो, असा काकांनी शब्द दिला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळी गाडी सोलून झाली. नुसता पत्रा, चांदीच्या ताटासारखा. काका घरी गेले होते. मला राहवेना. आईला व्हिडिओ कॉल लावला. मोज्यानं मोबाईल चालत नाही, म्हणून मोजा काढला. "आई, पाह्य, हे मी केलं," म्हणत गाडीभोवती फिरलो, आणि त्या नादात हात टपावर टेकला.

सकाळी टपावर पाच बोटं उमटली होती. तांबडी, गंजाची, तळव्याच्या रेषांसकट.

"ह्यो कुणाचा हात?" काकांनी विचारलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, तरी विचारलं.

मी सगळं सांगितलं. आई, कॉल, मोजा. सांगताना डोळ्यांसमोर माझी बॅग होती. काका कोपऱ्याकडे गेले. तिथे एक जुना दरवाजा टांगलेला असतो. मी त्याला भंगार समजत होतो, पण काका दर शनिवारी तो पुसायचे. तो त्यांनी खाली उतरवला. भिंतीकडच्या बाजूला, पत्र्यावर गंजाचा एक हात होता, एवढासा, लहान लेकराचा. वरून लॅकर मारून जपलेला.

"माझ्या पोराचा," काका म्हणाले. "सात वर्साचा हुता. चकाकता पत्रा बघून टेकवला. लई मारलं मी त्याला." त्यांनी उजवा मोजा काढला. चार वर्षांत मी तो हात कामावर पहिल्यांदा उघडा पाहिला. तो त्यांनी त्या छोट्या हातावर ठेवला. "गिऱ्हाइकाच्या गाडीला मी पदरचा दुसरा दरवाजा टाकला, ह्यो ठिवला. आता तो आखातात असतो. फोन लावला तर म्हनतो, कामात हाय पप्पा."

मग मोजा चढवून ते टपाशी गेले आणि पॉलिश पेपर स्वतःच फिरवू लागले. मी दुसऱ्या बाजूनं. चार बोटं गेली, अंगठा राहिला, तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "आईला आवडली का गाडी?"

"आवडली जी. पण म्हणाली, काका नाही दिसले."

काकांनी पेपर खाली ठेवला. शर्टाची वरची गुंडी लावली, केस बसवले.

"लाव मग फोन."

मी लावला. काकांनी दोन्ही मोजे काढून खिशात घातले, पत्र्यापासून चांगली चार पावलं लांब जाऊन उभे राहिले, आणि उघड्या हातांनी माझ्या आईला नमस्कार केला.