संरक्षित गळती

वसई गावातल्या ऑस्करच्या घराचं छप्पर गळत होतं, आणि ते नेमकं त्याच्या बायकोच्या, फेलिशियाच्या उशीवर. पलंग सरकवला की गळतीही सरकायची. शेवटी फेलिशिया एव्हरशाईन सिटीत बहिणीच्या फ्लॅटवर राहायला गेली. जाताना म्हणाली, “पलंग कोरडा झाला की बोलवा. तोवर पाटी उशाला घेऊन झोपा.”

पाटी फाटकावर होती. वर ‘वारसा घर’, आणि खाली ऑस्करचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरांत. ती मिळावी म्हणून त्यानं वारसा यादीसाठी भरलेल्या सभेत छाती पुढे काढून सांगितलं होतं, “घर आज जसं आहे तसंच राहिलं पाहिजे. एक कौलही हलता कामा नये!” वारसा कार्यालयानं घराची यादीत नोंदणी करताना ते वाक्य जसंच्या तसं अटींत घातलं. आपलं भाषण कुणी इतकं मनावर घेण्याची ऑस्करची ही पहिलीच वेळ.

दुरुस्तीची परवानगी मागायला तो गेला, तेव्हा जितेंद्र नावाच्या तरुण अभियंत्यानं नोंदणीच्या दिवशीचा फोटो त्याच्यापुढे ठेवला.

“सर, छपरावर निळी ताडपत्री दिसते.”

“अरे बाबा, गळत होतं म्हणून टाकलेली!”

“असेल. पण नोंदणीच्या दिवशी होती ना? म्हणजे मूळ स्वरूपात आली. आता छप्पर दुरुस्त केलं, तर ताडपत्रीला कारण उरत नाही. बिनकारणाची ताडपत्री म्हणजे नुसता देखावा. वारशात तो चालत नाही.”

“म्हणजे गळतीसुद्धा संरक्षित?”

“तिला धक्का लावू नका, एवढंच. ताडपत्री फाटली तर बदला. पण निळीच.”

ऑस्करला राग यायला हवा होता. पण आपली गळती सरकारमान्य झाली याचा, खोटं कशाला बोला, त्याला क्षणभर अभिमानच वाटला.

तरी एका दुपारी तो गुपचूप शिडी लावून चढला. पहिलं कौल उचलतो तोच समोरून शेजारी आग्नेल ओरडला, “ओ ऑस्कर! एक कौलही हलता कामा नये, काय?”

‘जुन्या घराला शोभत नाही’ या ऑस्करच्याच तक्रारीमुळे आग्नेलला अॅल्युमिनियमची सरकती खिडकी काढावी लागली होती. लाकडाची मिळेपर्यंत त्यानं गोणपाट लावलं, आणि तेवढ्यात नोंदणीवाले फोटो काढून गेले.

“माझं गोणपाट मूळ, तुझी ताडपत्री मूळ. उतर खाली!”

ऑस्कर उतरला तो थेट कार्यालयात. “यातून सुटकाच नाही का?”

“आहे की,” जितेंद्र म्हणाला. “घर यादीतून वगळायचा साधा अर्ज करा. मी लगेच पुढे पाठवतो. फक्त पाटी जमा करायची.”

रविवारी सकाळी ऑस्करनं फेलिशियाला फोन केला. “पाटी काढतोय. उद्या अर्जासोबत जमा केली की कौलं बसवायला माणसं येतील.”

“खरंच? मग बॅग भरते मी.”

एक स्क्रू निघाला. दुसरा सैल झाला, तोच विरारहून जुनी घरं बघायला निघालेला एक घोळका फाटकाशी येऊन थांबला.

“वॉव! सर, हे घर तुमचं? पाटीजवळ उभे राहा ना. ती निळी ताडपत्री पण येऊ दे हां, एकदम ओरिजिनल वाटते!”

ऑस्करनं स्क्रू पुन्हा पिळून बसवला, रुमालानं पाटी पुसली आणि ताठ उभा राहिला. खिशात फोन वाजला. फेलिशिया बॅग घेऊन रिक्षात बसली होती. फोटो हलेल म्हणून त्यानं फोन उचलला नाही.

तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. ‘असं जपायला हवं!’ असं लिहून तुम्ही पुढे दोन बदाम टाकलेत, आणि पाऊस आत यायला लागला म्हणून अॅल्युमिनियमची खिडकी सरकवून घेतलीत.